मावशीच्या माश्या का मेल्या?

"एकशे बेचाळीस!" भोपू ओरडला.

"एकशे एकेचाळीस. ही अजून पाय हलवतेय," मुंगी म्हणाली.

"हलवेना का! दुपारपर्यंत मरणारच आहे ती!"

मास्तरणीनं डोळे वटारले तसा भोपू गप्प बसला. खरं तर तो काही खोटं बोलला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

सुट्टीत मावशीकडे आल्यापासून दहा दिवस तिघांचं हेच काम चाललं होतं. सकाळी उठायचं, प्रत्येक मधपेटीसमोर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरच्या मेलेल्या माश्या चिमट्यानं उचलायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. वही अर्थातच तेरा वर्षांच्या मास्तरणीकडे. तिला मास्तरीण का म्हणतात, हे तिच्यासोबत पाच मिनिटं काढली की कोणालाही कळतं. भोपू हा तिचा धाकटा भाऊ. त्याला हळू बोलता येत नाही. मुंगी त्यांची मावसबहीण, दहा वर्षांची, आणि तिचं नाक सगळ्या घरात तिखट.

मावशी इथल्या मधमाशी संशोधन केंद्रात काम करायची. माश्यांच्या अंगाला चिकटून रक्त पिणारी एक तांबडी कीड असते. एकमेकींच्या अंगावरची ती कीड स्वतःच वेचून टाकणाऱ्या माश्या मावशीनं नऊ वर्षं खपून तयार केल्या होत्या. आसपासच्या बागांना फळं धरायची ती माश्या फुलाफुलांवर फिरायच्या म्हणून. त्यामुळे बागवाल्यांचे डोळे मावशीच्या अकरा पेट्यांकडे लागले होते. पण महिन्याभरात त्यातल्या पाच ओस पडल्या. बारावी पेटी कुंपणाजवळ होती. तिच्यात बाहेरून आलेलं एक रानटी मोहोळ होतं. मावशी तिचं नुसतं वजन करायची, कधी उघडायची नाही.

आज आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं आणि मावशी प्रयोगशाळेतून बाहेर आली नव्हती. पेट्यांच्या मागे माळीकाका खड्डा खणत होते.

"काका, झाड लावताय?" भोपूनं विचारलं.

माळीकाकांनी मान वर केली नाही. "पेट्या जाळायच्यात. चार वाजता. मोठ्या साहेबांचा हुकूम आहे. रोग बागांतल्या माश्यांना लागायला नको म्हणतात."

"सगळ्या? जिवंत माश्यांसकट?" भोपूचा आवाज पहिल्यांदाच बसला.

तिघं धावतच प्रयोगशाळेत गेली. मावशी टेबलाशी बसली होती. समोरचा चहा कधीच गार झाला होता.

"मावशी, साहेबांना नाही म्हण ना!"

"कशाच्या जोरावर म्हणू? कोणता रोग आहे तेच मला सापडत नाही," मावशी म्हणाली. "एवढी काळजी घेते, दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडून बघते, तरी मरतातच. जा, खेळा जा."

खेळणार कसलं! तिघं ओसरीवर येऊन बसली. मास्तरीण वहीची पानं पुढेमागे करू लागली. मग एकदम थांबली.

"ए, हे बघा. सोमवारी सात नंबरला तीस माश्या. मंगळवारी एकशे दहा. बुधवारी साठ. गुरुवारी पस्तीस. शुक्रवारी परत एकशे वीस!"

"मग?"

"मावशीनं सात नंबर कधी उघडली होती?"

मुंगीला पाठ होतं, कारण दर वेळी मावशीची जाळीची टोपी तीच आणून द्यायची. "सोमवारी दुपारी. नंतर गुरुवारी दुपारी."

मास्तरणीनं दुसरी पेटी तपासली, तिसरी तपासली. सगळीकडे तीच गत! पेटी उघडली की दुसऱ्या दिवशी कापड काळं व्हायचं. आणि कधीही न उघडलेल्या बारा नंबरसमोर रोज चार-पाच माश्या, बस्स.

"म्हणजे मावशीच..." भोपू म्हणाला.

 आता हे मावशीला सांगायचं कोणी?

"आधी नीट शोधू," ती म्हणाली. "मावशी पेटीत काय काय नेते? हातमोजे?"

"ते रोज धुते. पेटी उघडायची लोखंडी पट्टी आगीवर धरते," मुंगी म्हणाली. "आणि धूर. गेल्या सुट्टीत धुराचा वास जुन्या तागासारखा यायचा. आता औषधाच्या दुकानासारखा येतो. मला वाटलं, मलाच तसं वाटतंय."

माश्या चवताळू नयेत म्हणून पेटी उघडण्याआधी भात्याच्या डब्यातून थोडा धूर सोडतात. डब्यात जुन्या पोत्यांचे तुकडे जळतात. त्या तुकड्यांचं पत्र्याचं पिंप दाराशीच होतं. भोपूनं त्यात हात घालायच्या आत मास्तरणीनं त्याच्या हातावर चापट मारली आणि चिमट्यानं एक तुकडा उचलला. तागात गुलाबी पूड बसली होती.

"हे तुकडे कोण देतं?"

"भांडारवाले काका!" दोघं एकदम म्हणाली.

भांडारवाले काका म्हणजे बडं प्रस्थ. त्यांना काही विचारलं की ते आधी "मी नाही" म्हणायचे आणि मग प्रश्न काय होता ते विचारायचे. सरळ विचारून काही हाती लागणार नव्हतं. पण साडेतीन वाजता मोठे साहेब रॉकेल काढून घ्यायला भांडारात येणार होते. मास्तरणीनं दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

साहेब आणि मावशी भांडारात उभे होते. काका रॉकेलचा कॅन ओढत होते. एवढ्यात भोपू आत घुसला.

"काका, काका! आम्हाला पोत्यांची शर्यत खेळायचीय. ती कोपऱ्यातली पोती द्या ना! कापलेली नकोत हं, धडकी द्या!"

त्यानं पोत्याला हात लावला मात्र, काका केवढ्यानं किंचाळले! "हात लावू नकोस! औषध लावलेल्या बियाण्याची पोती आहेत ती! अंगाला लागलं तर दवाखान्यात जाशील!"

"मग माश्यांना कशी चालतात?" त्याच्यामागून आत आलेल्या मास्तरणीनं विचारलं.

 मास्तरणीनं चिमट्यातला तुकडा कापलेल्या पोत्याच्या भोकाला लावला. कडा बरोबर जुळली. तुकड्यावर छापील कवटीचा अर्धा चेहरा होता, उरलेला अर्धा पोत्यावर.

"साधी पोती संपली होती," काका कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, जाळायचीच तर आहेत. कोणाच्या अंगाला थोडीच लागणार!"

साहेबांनी मास्तरणीनं पुढे केलेली वही घेतली आणि उभ्या उभ्या पानन् पान वाचलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. "खड्डा बुजवायला सांगा," ते म्हणाले. "हा रोग नाही. विषबाधा आहे."

"हुर्रे!" भोपू ओरडला. पण बाकी कोणीच ओरडलं नाही, कारण मावशी खालीच बसली होती.

"शांत व्हाव्यात म्हणून धूर देत होते मी त्यांना," ती म्हणाली. "जी पेटी जास्त आजारी, तिला जास्त धूर. नऊ वर्षं सांभाळलं आणि मीच मारल्या."

त्याच दुपारी मावशीनं धुराशिवाय उरलेल्या सहाही पेट्या उघडल्या. माश्या चवताळल्या. जाळीतून, मोज्यातून तिला चावल्या. तिनं "स्स" सुद्धा केलं नाही. मुलं लांबून बघत राहिली. चार पेट्यांतल्या राण्या मेलेल्या होत्या. तीन नंबर आणि सात नंबरमध्ये राणी जिवंत होती आणि घरट्यात ताजी अंडी होती.

"दोन," ती परत येऊन म्हणाली. हात सुजले होते, डोळेही. "दोनपासून परत सुरुवात करता येईल. वेळ लागेल, पण येईल."

"शाब्बास रे पोरांनो!" साहेब म्हणाले. "आमच्यासारख्या शिकलेल्यांना जे महिनाभर दिसलं नाही ते तुम्ही दाखवलंत. नाहीतर या दोनही आज मी माझ्या हातानं जाळल्या असत्या." त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप दिली. भोपूची छाती लगेच फुगली.

मास्तरणीची मात्र फुगेना. साहेब गेल्यावर ती मावशीजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी, रागावलीस का? आम्ही तुझीच चूक काढली. आणि तीही सगळ्यांसमोर."

मावशीनं सुजलेल्या हातानं तिला जवळ ओढलं. 

"या केंद्रात सगळे मला फार मानतात गं," ती म्हणाली. "नऊ वर्षांत 'बाई, तुमचं चुकतंय' असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. म्हणून तर एवढ्या मेल्या."

मग तिनं मास्तरणीची वही उघडली, नवं पान काढलं आणि मेलेल्या पेट्यांचे नंबर एकाखाली एक लिहायला घेतले. कारणाच्या रकान्यात तिनं आधी स्वतःचं नाव घातलं.