तिसऱ्या मजल्यावरचे बावीस

मेकॅनिकला सगळे तडतड्या म्हणायचे. तापल्या तेलात मोहरी पडावी तसं त्याचं बोलणं, आणि मोहरीसारखाच दोन मिनिटांत गारही व्हायचा. पण कामाला चोख. इमारतींमधले आगीचे भोंगे बसवायचे, तपासायचे, चालू ठेवायचे, एकोणीस वर्षं हाच धंदा. जोडीला बायकोचा भाऊ. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही, आणि एकमेकांशी पटायचंही नाही.

त्या दुपारी दोघं नर्सिंग शिकणाऱ्या पोरींच्या वसतिगृहात गेले. पोरी ड्यूटीवर गेलेल्या, वसतिगृह सांभाळणाऱ्या रेक्टरबाई सोडल्या तर इमारत रिकामी. मेकॅनिक खुशीत होता, कारण तिसऱ्या मजल्यावर त्याचीच लेक राहत होती.

"शर्टाला इस्त्रीबिस्त्री, दाजी?" मेहुणा म्हणाला.

"पोरीच्या दारात फाटका येऊ का?"

"पोर तर ड्यूटीवर आहे. बघणार कोण?"

"तू पॅनेलपाशी गप बस. आणि गेल्या वेळसारखं न बघता आला आला करू नकोस. कानाखाली काढीन."

काम कसं असतं ते सांगतो. छताला पांढऱ्या वाट्या चिकटवलेल्या असतात, डिटेक्टर म्हणतात त्यांना. मेकॅनिक लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा लावून एकेका वाटीखाली फुस्स करतो. वाटीला धूर लागला की तळमजल्यावरच्या पॅनेलवर दिवा लागतो. तिथला माणूस वॉकी-टॉकीवर सांगतो, "आला." मग किल्ली फिरवून दिवा विझवतो आणि वरचा पुढच्या वाटीकडं सरकतो. भोंगा तेवढा बंद ठेवायचा, नाहीतर सगळी गल्ली दारात गोळा होते.

यात खोड एकच. दहा-पंधरा झाले की खालचा कंटाळतो. दिव्याकडं न बघताच "आला, पुढं" म्हणत सुटतो, आणि वरच्यालाही घाई असते म्हणून तोही खोदून विचारत नाही. धंद्यातले सगळे करतात. कबूल कोणी करत नाही.

पहिला मजला झाला, दुसरा झाला. बेचाळीस वाट्या. मेहुणा दर वेळी "आला, दाजी. पुढं, दाजी," करत होता. मेकॅनिक जिना चढून तिसऱ्यावर आला. जिन्याचं जड दार त्याच्या पाठीमागं आपसूक लागलं. इथल्या वाट्या बावीस.

वर पडदे ओढलेले होते. दुपार असून बोळात संध्याकाळसारखा अंधार. फिनेलचा वास, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा ओलसर वास, आणि त्याच्या डब्यातल्या धुराचा गोडूस वास. कुठंतरी नळ टपकत होता. त्यानं पहिल्या वाटीला फुस्स केलं.

वॉकी-टॉकी खरखरला. "...आला."

आवाज बसलेला, घोगरा. मेकॅनिकला वाटलं, मेहुण्याच्या तोंडात काहीतरी आहे. स्वयंपाकघर खालीच होतं, आणि त्याला खायला कधीही चालायचं.

"चावून घे आधी, मग बोल."

 दुसरी वाटी झाली, तिसरी झाली, आणि दर वेळी तेवढंच. "...आला." घाई नाही, कंटाळा नाही. पंधरावीलाही पहिलीसारखंच, नीट बघून सांगितल्यासारखं. मेकॅनिक मनात म्हणाला, कानाखालीचं नाव काढल्यावर सुधारला बघ गडी. त्याला बरंच वाटलं. एक मात्र खटकलं. बेचाळीस वेळा दाजी म्हणणारा माणूस आता एकदाही दाजी म्हणत नव्हता.

शेवटची खोली लेकीची. चार खाटा. तिची कुठली ते त्यानं लगेच ओळखलं. उशाला आईचा जुना दुपट्टा घडी करून ठेवलेला, कंगव्यात केस तसेच. "कितीदा सांगितलं, केस काढत जा," तो एकटाच हसत पुटपुटला. वाटी बरोब्बर तिच्या खाटेवर होती. त्यानं झटकन फुस्स केलं आणि निघण्यासाठी काठी खाली घेतली.

"...नाही आला."

"काय नाही आला? बघ नीट."

"...नाही आला. परत घे."

त्यानं परत घेतलं. चांगलं दहा आकडे मोजेपर्यंत डबा धरला. खोली धुरानं कोंदली.

"...नाही."

मेकॅनिकचं टाळकं तापलं. "झोपलास काय रे तिथं?"

खरखर थांबली. मग अगदी हळू, कानाशी सांगावं तसं आलं.

"...मी झोपत नाही."

त्याच्या मानेवर गार काटा फिरला. चिडून की कशानं, त्याचं त्यालाच कळलं नाही. तो स्टूल ओढून वर चढला, वाटीला हात लावला, पिळली. आणि वाटीचं वरचं टोपण हातात आलं.

ते उलटून पाहिलं आणि त्याला सगळं आठवलं. सुट्टीत भिंती आणि छत रंगवलं तेव्हा रंग आत जाऊ नये म्हणून या मजल्यावरच्या सगळ्या वाट्यांना त्यानंच प्लास्टिकची टोपणं घातली होती. नंतर काढलीही त्यानंच. एक राहिलं होतं. रंगाऱ्यानं त्यावरूनच पांढरा हात मारलेला, म्हणून ते वाटीसारखंच दिसत होतं. आणि "सर्व टोपणं काढली" अशी सही वहीत त्याचीच होती. सहा महिने पोर त्या आंधळ्या वाटीखाली झोपत होती. आग लागली असती तर खाली दिवा लागलाच नसता.

 टोपण खिशात घालून त्यानं पुन्हा धूर सोडला.

"...आला," आवाज म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आता झोपू दे तिला."

मामाच तो तिचा, बोलणारच असं. मेकॅनिकचे डोळे भरून आले. आज त्याला चहा पाजायचा, शिवी एकही द्यायची नाही, असं ठरवून तो खाली उतरला.

मेहुणा पॅनेलपाशी नव्हता. बाहेर गाडीत बसला होता.

"चिडू नका, दाजी. दुसरा मजला संपता संपता माझा वॉकी-टॉकी मेला. ओरडलो जिन्यातनं, तुम्हाला ऐकूच जाईना. म्हटलं, आवाज आला नाही की तुम्ही उतराल. तोवर इथं चार्जिंगला लावला."

"आणि किल्ली?"

मेहुण्यानं गळ्यातली दोरी वर काढली. किल्ली दोरीलाच होती.

मेकॅनिक आत जाऊन पॅनेलसमोर उभा राहिला. तिसऱ्या मजल्याच्या नोंदी होत्या. बावीसच्या बावीस, आणि प्रत्येक वेळी दिवा विझवलेला. किल्लीशिवाय तो विझत नाही.

रेक्टरबाई समोरच्या टेबलाशी बसल्या होत्या. "इथं कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. दिवा लागत होता, विझत होता. मला वाटलं, आपोआप होतं."

मेकॅनिक ओरडला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं वही घेतली आणि आपली चूक वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून काढली. टोपण माझ्याकडून राहिलं होतं, आज काढलं. खाली सही केली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. कोण का असेना, भल्याचंच केलं त्यानं.

तेवढ्यात पोर ड्यूटीवरनं आली. "बाबा, केवढा धुराचा वास येतोय तुम्हाला. मामा, तू परत जाड झालास." दोघांनाही कोपर मारून ती हसत जिना चढून गेली. मेकॅनिक तिच्या पाठीकडं समाधानानं बघत राहिला. मग मेहुण्याला म्हणाला, "चल, आवर. भोंगा चालू कर."

त्याच्या कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला.

"...एक राहिला."

मेहुण्याच्या हातातली पिशवी खाली पडली. मेकॅनिकनं बटण दाबलं. "चौसष्ट झाले. सगळे."

"...चौसष्ट झाले. एक राहिला."

"कुठं?"

आता शब्द नाही. नुसता श्वास... जिना चढताना लागते तशी धाप.

"दाजी... वर जाऊ नका," मेहुणा म्हणाला.

"पोर वर गेलीय माझी," मेकॅनिक म्हणाला आणि जिन्याकडं धावला. पहिल्याच वळणावर ती समोरून उतरताना भेटली. चपला हातात, कपाळाला आठ्या.

"काय हो बाबा? आत्ताच तर वर गेले, लगेच कशाला बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं."

"तुमचाच माणूस म्हणाला की. काठी घेऊन उभा होता. म्हणाला, वरचं एक राहिलंय, ते होईपर्यंत बाबांजवळ थांब."

"कुठं उभा होता?"

"तिसऱ्याच्या वरच्या जिन्यावर," ती म्हणाली.

मेकॅनिकनं तिचा हात घट्ट धरला. जिना तिसऱ्या मजल्यावरच संपत होता.