टॅग बोर्डावरचा पितळी बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त कंपनीचं नाव सांगणार नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण समजतो. ही भर दुपारची आहे. १६ जुलै २०१५, गुरुवार. वेळ सव्वाएकची. रमजानचा शेवट आणि दुसऱ्या दिवसापासून ईदची सुट्टी.

मी अबूबकर, मूळचा रत्नागिरीचा. तेव्हा फुटबॉल वर्ल्डकपच्या तयारीत कतारमध्ये दोहाच्या पोटात जिकडेतिकडे बोगदे खणणं चालू होतं. अल रय्यानच्या बाजूला अशाच एका बोगद्याच्या तोंडाशी मी टॅग बोर्ड सांभाळायचो.

काम सोपं होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा नंबर असलेला प्लास्टिकचा टॅग ‘आत’ लिहिलेल्या बोर्डावर अडकवायचा. बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. बोर्ड रिकामा झाला की मी सही करायची, ‘आत कुणी नाही’. मग पंखा बंद, दिवे बंद, गेटला कुलूप.

ही शिस्त मला एफिसियोने लावली होती. तो आमचा इटालियन शिफ्ट इंजिनियर. साठीला टेकलेला, तोंडाने फटकळ, पण माणूस लाख मोलाचा. एकदा चहा पिताना त्याने टेबलावरच्या धुळीत बोटाने नकाशा काढला होता.

"हा इटलीचा बूट. त्याच्या पश्चिमेला समुद्रात हे मोठं बेट, सार्डिनिया. बेटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आमचा प्रांत, कार्बोनिया-इग्लेसियास. त्यालाही दोन छोटी बेटं आहेत. एकावर गाडीने जाता येतं, दुसऱ्यावर बोटीने."

इग्लेसियासच्या डोंगरात शेकडो वर्षं चांदी आणि शिसं निघत होतं. कार्बोनिया मात्र नवं गाव. १९३८ साली हुकूमशहाने कोळशासाठी माळरानावर उभं केलं. इटलीभरातून माणसं आणून खाणीत उतरवली. साठच्या दशकात खाण बंद पडली आणि गाव रिकामं होत गेलं. प्रांत तर २००५ मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षांतच गुंडाळायला निघाला होता. पुढच्या वर्षी तो बरखास्तही झाला.

एफिसियोचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्याच कोळशाच्या खाणीत होते. तिथे प्रत्येकाचा पितळी बिल्ला असायचा. एका संध्याकाळी सगळे बिल्ले काढले गेले... एक राहिला.

आजोबांचा.

"मॅनेजर म्हणाला, काढायला विसरला असेल, घरी गेला असेल. सही केली आणि खाण बंद केली. आजीने रात्रभर जेवण गरम ठेवलं होतं," एफिसियो म्हणाला. "आजोबा कधीच सापडले नाहीत. अबू, बोर्डावर बिल्ला असेल तर माणूस आत आहे. डोकं चालवायचं नाही. जाऊन बघायचं."

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

तर त्या गुरुवारी एफिसियो सुट्टीवर गावी होता. बाहेर सेहेचाळीस डिग्री तापमान आणि तोंडात रोजा. सगळ्यांना घरी पळायचं होतं. गेटबाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न मारत अरबीत ‘चला, संपलं’ म्हणून ओरडत होता, "यल्ला, यल्ला! खलास!"

तेवढ्यात एका माणसाने घाईत आपल्या टोळीचे पाचही टॅग एकदम काढले.

मी पाहिलं. बोललो नाही. लवकर आटपलं तर बरंच, असं वाटलं.

रहमानने माझ्या सहीची वाट न बघताच पंखा बंद केला. हा आमचा श्रीवर्धनचा पोरगा. पंख्याची घरघर थांबली आणि एकदम शांत झालं.

मी सहीसाठी पेन काढलं. बोर्डाकडे पाहिलं...

एक टॅग राहिला होता.

प्लास्टिकचा नव्हता. गोल, पितळी, बशीएवढा नव्हे पण पेढ्याएवढा. नंबर ६१२. आमच्याकडे सहाशे माणसंच नव्हती.

मी हात लावला. इतक्या उकाड्यात तो बर्फासारखा गार होता. बोटांना काळं लागलं. आमच्या बोगद्यातली धूळ पांढरी. हे काळं होतं... कोळशासारखं.

मी थेट एफिसियोला फोन लावला. त्याची मस्करी असेल अशी आशा होती.

"नंबर वाच," तो म्हणाला.

"सहा, एक, दोन."

पलीकडे पावलं वाजली, एक दार उघडलं.

"अबू, आजोबांचा तो बिल्ला आमच्याकडे आहे. आईच्या घरी, भिंतीवर. मी आत्ता त्याच्यासमोर उभा आहे."



"सही करू नकोस," तो म्हणाला. "आत जा."

रहमान पाया पडायचा बाकी होता. "अबूभाय, नको ना. मना भीती वाटते." पण मी त्याला ओढत नेलं. एकट्याने जायची माझी छाती नव्हती, हे खरं कारण.

आत हवा जड झाली होती. आमच्याच बुटांचा आवाज येत होता. चारशे मीटरवर रहमान थांबला.

ठक... ठक... ठक.

कुणीतरी पाइपवर वाजवत होतं.

दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्लीतून आवाज येत होता. मी बॅटरी मारली. तिथे बाजीराव पडला होता. साताऱ्याकडचा इलेक्ट्रिशियन, त्याच टोळीतला पाचवा. उकाड्याने कोसळला होता. दोन्ही हात अंगाखाली दबलेले.

मग पाइप कुणी वाजवला?

मी विचार केला नाही. आम्ही त्याला उचललं. त्याच्या बाहीवर पाच काळी बोटं उमटली होती. तो डोळे अर्धवट उघडून कोपऱ्याकडे बघत होता. मी तिकडे बॅटरी वळवली नाही. मुद्दाम वळवली नाही.

आम्ही त्याला वर आणलं. अँब्युलन्स आली, गेली. तीन दिवस बंद बोगद्यात तो वाचला नसता. लोक माझी पाठ थोपटत होते. सुपरवायझर वहीच्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "आता तरी सही कर."

मी बोर्डाकडे पाहिलं.

बिल्ला तसाच होता.

बाजीराव बाहेर आला होता. सगळे बाहेर आले होते. बिल्ला लटकत होता.

एफिसियोचा नियम मला पाठ होता. पण परत आत जायचं? त्या कोपऱ्याकडे?

मी सही केली. ‘आत कुणी नाही.’ गेट ओढलं, कुलूप लावलं.

ठक... ठक... ठक.

रहमानने माझ्याकडे पाहिलं. मी बसकडे चालू लागलो.

ईदच्या दिवशी मी शीरखुर्मा घेऊन दवाखान्यात गेलो. बाजीराव उठून बसला होता. हात धरून रडला. मग म्हणाला, "भाऊ, त्या म्हाताऱ्याचं कसं हाय?"

"कुठला म्हातारा?"

"माझ्याजवळ बसलं हुतं की. हातात दिवा. मला झोपूच दीना, सारखं हलवायचं. पाइप त्योच बडवत हुता. तुमी मला उचललं तवा त्यानं बी हात वर केला. म्या म्हनलं, आता त्याला घेतील." तो माझ्याकडे बघत राहिला. "काढलं न्हवं त्याला?"

गेटची चावी माझ्या खिशात होती. बोगदा वीस मिनिटांवर होता.

"हो, काढलं," मी म्हणालो.

आणि मुऐदर भागातल्या माझ्या घरी जाऊन पडलो.

सुट्टीनंतर गेट उघडलं तेव्हा बिल्ला नव्हता. आडव्या गल्लीत काही नव्हतं. मी सगळं बघितलं, दिवे लावून, दहा माणसं बरोबर घेऊन.

त्या संध्याकाळी एफिसियोचा फोन आला. बाजीराव वाचल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने हळूच विचारलं, "तो मुलगा वर आला, मग कुलूप लावायच्या आधी बिल्ला काढला गेला का?"

त्यालाही मी हो म्हणालो.

साठीचा माणूस फोनवर हमसून हमसून रडला. पलीकडे त्याने आईला हाक मारली, तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग तीही रडायला लागली. नव्वदीची बाई... बाप सापडला म्हणून.

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.