काकापेक्षा माझा आकडा जास्त

माझा आकडा आला एकवीस आणि सुहासकाकाचा सोळा. आजारी तो आणि आकडा माझा जास्त! माझी तर बोबडीच वळली.

काकाला स्किझोफ्रेनिया आहे (या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, नसत्या शंका खऱ्या वाटतात). गोळ्यांमुळे तो बराच सावरलाय, मिरजेतल्या कारागिरांच्या तंबोऱ्यांना घरीच तारा चढवतो. आमचे आबा याच आजारावर संशोधन करतात. मागच्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं आणि त्यांच्या मापाड्या नावाच्या रोबोने ते तपासून प्रत्येकाचा आकडा काढला. मलाही तो आजार होणार असं मी मनाशी धरून बसले. दोन दिवस काकाच्या खोलीकडे फिरकलेही नाही.

शेवटी आबांनीच मला स्वयंपाकघरात नेऊन चिरलेलं वांगं दाखवलं, काळं पडलेलं. हा हवेतल्या ऑक्सिजनचा प्रताप, म्हणाले. आपल्या पेशीही ऑक्सिजन वापरतात, तेव्हा काही उनाड कण सुटतात आणि पेशींची नासधूस करतात. शरीर त्यांना आवरतं. ते आवरेनासे झाले की होतो ऑक्सिडेटिव्ह ताण. नासधुशीतून जे द्रव्य उरतं, तो सूचक (आतली खबर देणारा पदार्थ). आपला आकडा म्हणजे त्याचंच माप. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांत तो जास्त सापडतो. पण सिगारेट ओढणाऱ्यांतही सापडतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून आजार ठरवता येत नाही.

“मग माझा एकवीस कसा?” मी विचारलं.

आबांनी मापाड्याला विचारलं. त्या शहाण्याला खोटं बोलता येत नाही. माझी नळी दीड तास बर्फाच्या डब्याबाहेर होती, असं त्याने सांगून टाकलं. बाहेर मीच काढली होती. कुल्फीला जागा नको का? नळीतल्या रक्ताचंही मग वांग्यासारखंच झालं होतं.

पुन्हा रक्त दिलं. आकडा आला नऊ. मी धावत काकाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. हातातली तार खाली ठेवून म्हणाला, “कृत्तिका, तू दोन दिवस आली नाहीस. गल्लीतले लोक वीस वर्षं येत नाहीत. त्यांनी तर आकडाही पाहिलेला नाही.”

मला फार लाज वाटली.

आबा म्हणतात, पुढेमागे अशा सूचकांवरून कुणाला कोणतं औषध लागू पडेल ते कळू शकेल. त्याला वेळ लागेल. मी मात्र रोज संध्याकाळी काकाकडे तारा चढवायला शिकते. दार आम्ही उघडंच ठेवतो. काल समोरच्या काकू उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या.