न परतलेला आवाज

ही गोष्ट कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या बाबतीत घडलेली आहे. आणि रात्रीची नाही, भर दुपारची. ज्याला पटेल त्याने वाचावी. न पटणाऱ्याशी वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

मी पोलादाच्या प्लेट्स तपासते. आमच्या कारखान्यात प्रेशर व्हेसल बनतात, म्हणजे प्रचंड दाब सोसणाऱ्या बंद टाक्या. तेव्हाची टाकी रिफायनरीत जायची होती. तिथे सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी वायू असतो. तो पोलादाला वरून खातोच, पण त्यातला हायड्रोजन आत शिरतो. प्लेटच्या पोटात साचतो, फोड आणतो आणि एक दिवस आतून तडा जातो. म्हणून अशा कामाला गंधक अगदी कमी असलेली, पोटातून स्वच्छ प्लेट निवडावी लागते.

आणि त्या टाकीशेजारी रोज शिफ्टला उभा राहणार होता माझा नवरा.

त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून तपासत होते. तसाही माझा स्वभाव संशयी. नवरा म्हणतो, "तू आरशातल्या स्वतःलासुद्धा ओळखपत्र मागशील."

यार्डात दोन प्लेट्स होत्या. एक फाटकाजवळ, एक भिंतीकडे. दोन्ही लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या. आम्हाला एकच लागणार होती.

जेवणाची सुट्टी होती. यार्ड रिकामं. क्रेन थांबलेली. मी भिंतीकडच्या प्लेटवर पाणी पसरलं आणि यंत्राचा प्रोब, म्हणजे आवाज सोडणारी डबी, फिरवायला लागले. यात पाण्यातून आवाज प्लेटमध्ये सोडायचा असतो. तो तळाला आपटून परत आला की पडद्यावर रेघ उठते. मध्ये भेग असली तर रेघ आधीच उठते. साधं काम आहे.

एका जागी रेघ उठलीच नाही.

आवाज गेला... आणि परत आला नाही.

प्रोब बिघडला असेल म्हणून शेजारी पडलेल्या पोलादाच्या तुकड्यावर लावून पाहिला. ठणठणीत. पुन्हा त्या जागी आणला. या वेळी रेघ उठली, पण... भलतीच लांब. प्लेटची जाडी संपल्यावर कितीतरी खालून आवाज परत येत होता.

खाली तर नुसती हवा होती.

वाकून पाहिलं. पलीकडचा उजेड दिसत होता. कुणी नव्हतं.

सरळ होतेय तोच... टक.

खालून. बोटाच्या पेराने दार वाजवावं तसं.

माझ्या जोडीला एक जुने तपासनीस होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते जेवून आले तसं त्यांना बोलावलं. त्यांनी प्रोब फिरवला. रेघ जागच्या जागी.

"पाणी कमी पडलं असेल, ताई. ही तर सोन्यासारखी प्लेट आहे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी घाई का यांना? पुरवठादाराशी काही शिजलंय का? त्या जागेवर मी खडूने ठसठशीत फुली मारली. थोड्या वेळाने येऊन पाहते तर फुली गायब.

"अण्णा, फुली कुणी पुसली?"

"मी कशाला पुसू? माझं काय अडलंय?"

"मग काय आपोआप गेली?"

"तू जेवलीस का? आधी जेवून घे."

ताकास तूर लागू देईनात. दुसऱ्या दिवशी सुट्टीत पुन्हा फुली मारली आणि क्रेनच्या खांबाआड उभी राहिले. अण्णांना रंगेहाथ पकडायचंच होतं.

पण अण्णा आलेच नाहीत. समोर कॅन्टीनच्या खिडकीत बसून चहा ढवळत होते. मला दिसत होते.

आणि इकडे फुली पुसली जात होती... हळूहळू... एका बाजूने दुसऱ्या बाजूला. वारा नव्हता.

रडू फुटायला आलं आणि सांगणार कुणाला? कालपासून मी अण्णांवर आळ घेत होते.

पुढे चाचणीचा निकाल आला. दोन्ही प्लेट्सचे तुकडे त्याच विषारी वायूने भरलेल्या पाण्यात बुडवून ठेवले होते. फाटकाजवळची पास झाली, पण जेमतेम. भिंतीकडची... पोटात एकही तडा नाही. इतकी स्वच्छ प्लेट मी क्वचितच पाहिली असेल.

"मी काय म्हणत होतो?" अण्णा म्हणाले.

आमच्या साहेबांनी विचारलं, "ताई, शेवटचा शब्द तुमचा. कुठली घ्यायची?"

निकाल एक सांगत होता आणि माझे डोळे दुसरंच. मला फक्त नवरा दिसत होता, त्या टाकीशेजारी उभा.

"फाटकाजवळची," मी म्हणाले.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. पण नियमात दोन्ही बसत होत्या, म्हणून त्यांनी कागदावर सही केली. क्रेन आली आणि ती प्लेट उचलून घेऊन गेली.

ती गेल्यावर मी भिंतीकडे गेले. पाणी पसरलं. त्याच जागी प्रोब ठेवला.

रेघ उठली. जिथे उठायला हवी तिथेच. कितीदा फिरवला, तरी तिथेच. खालून टक नाही. फुली मारली, ती संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी.

इथे जे काही होतं... ते आता इथे नव्हतं.

मग ते मला वाईट प्लेटपासून वाचवत होतं, की चांगल्या प्लेटपासून हुसकावत होतं? विचार करून डोकं शिणलं.

टाकी तयार झाली. बसवली. चालू झाली. अजून काही झालेलं नाही, हे मी स्वतःला रोज सांगते.

शेवटी नवऱ्यासमोर सगळं ओकून टाकलं. म्हटलं, दुसरा विभाग मागून घे, पाया पडते तुझ्या. तो हसला नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं याला.

मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अगं, जरा टेकायचं झालं तर मी मुद्दाम त्या टाकीपाशीच जाऊन बसतो. प्लेट तू निवडलेली आहेस. तिथे मला काय होणार?"

आज त्याची शिफ्ट आहे. मघाशीच गेला.