मागेच आहे

बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच मास्तरांनी आठही जणांना नंबर देऊन टाकले. मास्तर म्हणजे डाइव्ह मास्टर. त्यांचं हे बारसं भोंग्याने केलं होतं, ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती तेवढ्यात. भोंगा हा ताईचा धाकटा भाऊ, वय वर्षं त्रेचाळीस. पाळण्यात होता तेव्हापासून रडून घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून भोंगा. ताईला सहा नंबर मिळाला, भोंग्याला सात.

"वर आलं की मी नंबर घेणार," मास्तर म्हणाले. "प्रत्येकाने मोठ्याने सांगायचा. आपला आपणच. दुसऱ्याचा सांगायचा नाही. तो शेजारी उभा असला तरी नाही."

"आणि शेजारच्याला उलटी होत असेल तर?" भोंग्याने विचारलं.

"मग उलटी संपेपर्यंत थांबू."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

ताईला हा नियम आवडला. ती भूलतज्ज्ञ होती. तीस वर्षं माणसांना झोपवायचं आणि पुन्हा उठवायचं, असं तिचं काम. झोपवणं कुणालाही जमतं, खरी कसोटी उठवण्यात, हे ती प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवत असे. भोंग्याची बायको सोडून गेली, त्या वर्षी दोनदा त्याच्या खोलीचं दार फोडावं लागलं होतं आणि दोन्ही वेळा ताईनेच त्याला उठवलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्या दारावर टकटक करायचा. तीनदा, मग जरा थांबून एकदा. लहानपणीची खूण होती ती, म्हणजे मी आहे. या सुट्टीला निघताना आईने ताईला एकच गोष्ट बजावली होती, "नेतेस तसा परत आण."

तळ अठरा मीटरवर होता. उतरताना कानात दडे बसले आणि मोकळे झाले. खाली रंगांची पार रया गेली होती. मास्तरांच्या दंडावरची लाल पट्टी मातकट दिसत होती. भोंग्याचे पाय मात्र पिवळेजर्द होते, दुकानातले सगळ्यांत भडक फिन्स त्याने हट्टाने भाड्याने घेतले होते. वर तोंडाला खळ नसलेला हा माणूस पाण्याखाली फक्त बुडबुडे सोडत होता. तो खूश होता. हे तिला त्याच्या श्वासांवरून कळत होतं. मिनिटाला बारा, संथ, न अडखळणारे.

खडकाच्या एका कपारीशी तो थांबला. हातातली धातूची काडी त्याने टाकीवर वाजवली. तीन, मग एक. ताई वळली. तो कपारीत बोट दाखवत होता.

आत अंधार होता. त्या अंधारातून बुडबुडे बाहेर येत होते. आधीच्या कुणाची हवा खडकात अडकली असेल, असं ताईने ठरवलं. मग सवयीने तिने ते मोजले. मिनिटाला बारा.

तिने 'चल' अशी खूण केली. कुणाचा तरी पाय तळाला लागला होता आणि रेती उठली होती. गढुळात तिला पिवळे पाय दिसेनात. तेवढ्यात तिच्या फिनला मागून कुणीतरी हलकेच दोनदा ओढलं. मागे आहे तर, म्हणत ती वर निघाली.

वर वारा सुटला होता. शिडी बोटीवर दणादण आपटत होती. आठांपैकी दोघं कठड्यावरून माना बाहेर टाकून उलट्या करत होते. मास्तर नंबर घेऊ लागले.

"सहा!" ताई ओरडली.

मग कुणीच बोललं नाही.

टाक्यांच्या मांडणीमागे तिला पिवळं काहीतरी दिसलं. लहानपणी पोहण्याच्या क्लासला भोंगा रोज उशिरा यायचा आणि सरांनी त्याचं नाव घेतलं की ताईच 'आहे' म्हणून ओरडायची. जिभेला वळण पडलेलं होतं. ती विचार करायच्या आत बोलून गेली.

"सात! आहे, मागेच आहे."

"आठ!" कुणीतरी ओरडलं. इंजिन सुरू झालं.

पायाखालच्या फळ्यांवर खालून टकटक झाली. तीन, मग एक. शिडी आपटतेय, असं तिला वाटलं. शिडी वर ओढून तिच्याच पायाशी ठेवलेली आहे, हे लक्षात आलं तेव्हा बोट बरीच पुढे आली होती.

ती धडपडत मांडणीमागे गेली.

भोंगा तिथे बसला होता. हात मांडीवर, नजर समोर. तिचा जीव भांड्यात पडला, इतका की तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं का रे?"

तो समोरच बघत राहिला. ऊन चांगलं कडक होतं, बाकीचे सुकले होते. त्याच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं आणि थांबत नव्हतं. ताईने त्याचं मनगट हातात घेतलं. त्यावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर आकडे होते. खोली, अठरा मीटर. वेळ, एकसष्ट मिनिटं. तिच्या देखत बासष्ट झाली.

मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सात कोण म्हणालं?"

"मी," ताई म्हणाली. "बोट फिरवा. परत चला."

"कोणासाठी?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "आठ गेले, आठ आले." मग ते भोंग्यापासून लांब, पार पुढच्या टोकाला जाऊन बसले आणि धक्का येईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

ताई ओरडू शकली असती. पण भाऊ समोर बसलेला असताना भाऊ खाली राहिला म्हणून कुणाला सांगणार?

चारच्या सुमाराला ती दोघं हॉटेलच्या खोलीत होती. पडदे उघडे होते. तो खुर्चीत बसला होता आणि खुर्चीखाली तिने घातलेला तिसरा टॉवेल भिजला होता. तिने त्याची नाडी पाहिली. नाडी होती. मग दुसऱ्या हाताने तिने स्वतःची पाहिली. दोन्ही एकाच क्षणी ठोके देत होत्या. तिने श्वास रोखला. त्याची छाती थांबली. तिने सोडला, त्यानेही सोडला.

ताईला रडू फुटलं. तोही रडू लागला, आवाज न करता.

फोन वाजला. आईचा होता.

"बुडी मारून आलात ना गं? दोघंही नीट?"

ताईने खुर्चीकडे पाहिलं. आईचं वय एक्क्याऐंशी होतं.

"हो, आई. दोघंही."

"दे ना त्याला."

"झोपलाय," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. दिवसभरात ती त्याच्या वतीने दुसऱ्यांदा बोलली होती.

कॉम्प्युटर तिने काढून टेबलावर ठेवला होता. तिने सहज पाहिलं. खोली, सतरा मीटर.

मग सोळा.

ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. आकडे घाई करत नव्हते. वर येताना करायचीच नसते, मास्तरांनीच शिकवलं होतं. पाच मीटरवर आकडा थांबला, शिकवल्याप्रमाणे पूर्ण तीन मिनिटं. भोंग्याने कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, आज ऐकत होता.

चार.

दोन.

बाहेर कॉरिडॉरच्या फरशीवर काहीतरी ओलं चपचपत येत होतं.

शून्य.

दारावर टकटक झाली. तीन, मग एक.

ताई उठली. तिचा हात कडीपर्यंत पोहोचला होता. मागे खुर्ची करकरली आणि सकाळपासून पहिल्यांदा तो बोलला. आवाज ताईचाच होता, बोटीवरच्या त्याच घाईतला.

"सात! आहे, मागेच आहे."

दारावरची टकटक थांबली.