आधी हात, मग भिंत

स्वधानं व्हिडिओ सुरू केला, पण पडदा काळाच राहिला.

निरोप आईचा होता, थेट चंद्रावरच्या तळावरून आलेला. उद्या आई कामासाठी चंद्राच्या पलीकडच्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला जाणार होती. मग काही आठवडे निरोप येणार नव्हता.

"आवाज येतोय," आप्पा खुणांनी म्हणाले. आप्पा म्हणजे आईचे वडील. त्यांचा जन्म दुर्बिणींवर काम करण्यात गेला होता. संधिवातानं बोटं आखडली होती, तरी नातीसाठी ते खुणांची भाषा शिकले होते. स्वधाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"आई काय म्हणतेय?"

"नुसती यंत्रांची घरघर आहे. ती हातांनीच बोलत असणार."

स्वधाचे डोळे भरून आले.

"थांब, एकेक शक्यता खोडू या. दुसरा व्हिडिओ लाव बघू."

तो सुरळीत चालला. म्हणजे इंटरनेट ठीक होतं. मग तिनं ब्राउझरची कॅशे (आधी पाहिलेल्या पानांची तात्पुरती साठवण) पुसली आणि पान पुन्हा उघडलं. तरीही काळोखच!

"आवाज येतो, म्हणजे निरोप पोचलाय," आप्पा म्हणाले. "फक्त चित्राची घडी उलगडत नाहीये. व्हिडिओतली सगळी चित्रं जशीच्या तशी पाठवली तर फार जागा लागते. म्हणून कोडेक (घडी घालण्याची आणि उलगडण्याची पद्धत) वापरतात. आईच्या मागची भिंत हलत नाही ना? मग ती एकदाच पाठवायची. पुढे जेवढं हललं, तेवढंच."

स्वधा थबकली. "म्हणजे इतक्या लांबून फक्त आईचे हात येत राहतात?"

"आणि पापण्या," आप्पा हसले. "आवाजाची घडी जुनीच आहे, चित्राची मात्र नवी असावी. आपल्या जुन्या ब्राउझरला ती ठाऊक नाही."

स्वधानं ब्राउझर अद्ययावत केला, बंद करून उघडला. आणि आई दिसली! तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणानं किंचित सुजलेला चेहरा, विस्कटलेले केस.

"पलीकडून पृथ्वी दिसणार नाही," आईचे हात सांगत होते. "ती माझ्या पायांखाली असेल. रोज झोपण्याआधी मी जमिनीवर तळवा टेकवेन. तो तुझ्यासाठी, बाळा."

स्वधानं व्हिडिओ पुन्हा पाहिला, मग आणखी एकदा. अचानक तिनं तो थांबवला.

"आप्पा, हे बघा. आईची बोटं भराभर हलली की पुसट होतात."

"हलणारं सगळं कोडेकला सारखंच. बोटं म्हणजे शब्द, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही."

"मग मी शिकवीन," स्वधाचे हात ठामपणे म्हणाले. "आधी हात पोचवायचे, मग भिंत."

आप्पांनी खुर्ची तिच्याशेजारी ओढली. "चल, कुठं कुठं पुसट होतंय ते आधी शोधू."