पहिलं पान कुठे गेलं?

भगवंतरावांनी आजवर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. या एका पत्राला मात्र नाही. ते उशीखाली ठेवून त्यांनी आठवडा काढला होता.

पत्र खामगावच्या एका बियाणे प्रयोगशाळेचं होतं. रोहिणखेडच्या संजीवनीनं तिथे अर्ज केला होता आणि रेझ्युमेच्या शेवटी, ओळख देणारी व्यक्ती म्हणून, निवृत्त ग्रंथपाल भगवंतरावांचं नाव दिलं होतं. प्रयोगशाळेनं रेझ्युमेची प्रत जोडून लिहिलं होतं: ‘यातलं जन्मवर्ष दाखल्याशी जुळत नाही. महिनाअखेरपर्यंत आपला खुलासा न पोचल्यास अर्ज रद्द होईल.’

खरं लिहावं तर पोरीची नोकरी जाते, खोटं लिहवत नाही. शेवटी पत्र पिशवीत घालून ते बुलढाण्याला मयुरी गवईकडे गेले. मयुरी खासगी तपासनीस होती आणि लहानपणी त्यांच्याच वाचनालयात पडीक असायची.

“काका, रेझ्युमे तुम्हीच करून घेतला ना?”

“हाव. आधी दाखले गोळा करायला लावले, मग केलेली कामं आठवायला लावली. बियाण्याच्या कामाले जे लागते तेवढंच ठेवलं, बाकी खोडलं. जालन्याच्या बियाणे कंपनीतली दोन वर्षं सगळ्यात वर! तेच तिचं हुकमाचं पान.”

“अन् इथं?”

“जालनाच नाही. जन्म सत्त्याण्णवचा, इथं नव्याण्णव. फोटो साडीतला. मले वाटलं, माह्याच ध्यानात चूक असंल.”

“तुमच्या नाही. आणखी काही दिसलं?”

भगवंतराव ओशाळले. “क्षुल्लक आहे. खाली कोपऱ्यात दोनचा आकडा आहे. आपण तर एकाच पानात बसवला होता. पुस्तकांची सवय, पृष्ठांक डोळ्यात भरतेच.”

मयुरीनं प्रत खिडकीच्या उजेडात धरली. “चला रोहिणखेडले.”

हर्षलचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. प्रश्न ऐकताच तो तडकला.

“मी माह्या मनानं काना-मात्राही बदलत नाही, ताई. घरचं माणूस सांगते तसं टाईप करतो. संजूनं फोन केला, बायोडाटा पाठव. पाठवला.”

“बायोडाटा की रेझ्युमे?”

“तुम्ही शहरवाले काहीही म्हणा. इथं सारा बायोडाटाच.”

त्याच्या पडद्यावर फायलींची रांग होती: ‘अर्जुन बायोडाटा’, ‘संजीवनी बायोडाटा’. एका नावाची एकच फाईल.

बाहेर पडल्यावर भगवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, “संजूची मैत्रीण आहे, योगिनी. तिनंही याच जागेसाठी अर्ज केला आहे. संजूसोबत याच दुकानात येत होती.”

योगिनी दारात शेंगा फोडत होती. तिनं प्रत नीट वाचली आणि हसली.

“काका, तुम्ही इतकी पुस्तकं वाचली, अन् माह्यावर शक? मले बिघडवायचंच असतं तर टक्के नसते का कमी केले? वय कमी करून मी तिचं कोणतं वाटोळं केलं असतं?”

भगवंतराव कानापर्यंत लाल झाले.

संजीवनीच्या घरी तिची आई सत्यभामाबाई तांदूळ निवडत होत्या. संजीवनी नुकतीच वावरातून आली होती. तिनं प्रत वरपासून खालपर्यंत वाचली.

“मी छापून पाह्यला तवा सगळं बरोबर होतं! जाहिरात आली पंधरवड्यानं. तवा मी वावरात होते, हर्षलले फोनवरूनच पाठवायला सांगितलं.”

मयुरी सहज आईकडे वळली. “काकू, तुम्ही पोरीचा बायोडाटा पाह्यला का?”

“कोणता?” सत्यभामाबाई बोलून गेल्या, आणि लगेच उठल्या. “बसा, चहा ठेवते.”

“चहा मग, काकू. आधी बसा.”

मयुरीनं प्रत सुपाशेजारी ठेवली.

“योगिनी बरोबर बोलली. वैऱ्यानं वय कमी केलं नसतं. पोरगी दोन वर्षांनी लहान, साडीतला फोटो, परगावचं राहणं गायब. हे सारं कोणाले पाहिजे? नोकरी देणाऱ्याले नाही, सोयऱ्याले.”

“पण हा तर नोकरीचाच कागद आहे,” भगवंतराव म्हणाले.

“म्हणूनच तुमचा दोनचा आकडा मोठा, काका. दुसरं पान आहे, तर पहिलं कुठं गेलं? पहिल्यावर गणपती, कुळी, मामाचं गाव. ते पाहुण्यांकडे गेलं. शिक्षण दाखवायले मागून हे जोडलं. हर्षलनं नवी फाईल केलीच नाही, जुन्यावरच बदल केले. अर्जाच्या वेळी संजीवनीनं ‘बायोडाटा’ मागितला, त्यानं कामाचं पान उचलून धाडलं.”

“पण त्याले सांगितलं कोणी?”

“तो घरच्या माणसाचंच ऐकते. घरात दोघीच. अन् मी एकच बायोडाटा विचारला, तर काकू म्हणाल्या, ‘कोणता?’ दोन आहेत हे ज्याले ठाऊक, तोच असं विचारते.”

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. “चिखलीचं स्थळ चांगलं होतं हो. पोरगी जालन्याले एकटी राह्यली म्हटलं, की पाहुणे नाकं मुरडतात. मी म्हटलं, बायोडाटाच तर आहे. तिची नोकरी जाईन हे मले काय माहीत?”

“काऊन लपवलं, आई?” संजीवनीचा आवाज फाटला. “त्या खोलीवर मी पिठलं खाऊन दिवस काढले. बियाणं परखायले शिकले. माह्याजवळ दाखवण्याजोगं तेवढंच आहे!”

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, “मले तू तिथं काय करत होती, हेच कधी कळलं नाही. पाकिटावर शिक्का मारते, एवढंच वाटे.”

संजीवनी त्यांच्याजवळ सरकली. सुपातले दाणे बोटानं वेगळे करत ती सांगू लागली: शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, कोंब किती फुटले ते पाहायचं, आणि मग त्या पोत्यावर शेतकऱ्यानं भरवसा ठेवायचा की नाही ते ठरवायचं. आई ऐकत राहिली. चहा शेवटी मयुरीनंच केला.

संजीवनीनं आधी छापलेली आपली प्रत काढली. भगवंतरावांनी तिथेच कागद मागितला. तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं: ‘उमेदवाराने काहीही लपवलेले नाही. घरातील मंडळींनी सोयरिकीसाठी केलेली प्रत अनवधानाने आपल्याकडे आली. खरी प्रत सोबत आहे. जालन्यातील तिच्या कामाबद्दल मी खात्रीने सांगू शकतो.’ ‘खात्रीने’ हा शब्द त्यांनी खोडला, मग पुन्हा लिहिला.

“मीबी सही करते,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खाली सावकाश आपलं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं टपाल कचेरीत उभी होती. सत्यभामाबाईंच्या हातात आणखी एक पाकीट होतं.

“हे काय, काकू?” मयुरीनं विचारलं.

“चिखलीच्या पाहुण्यांले. हर्षलले जालना वरच लिहायले लावलं. येतीन तर येतीन, नाही तर गेले उडत.”

संजीवनी हसली. भगवंतरावांनी आपल्या पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा तपासला, आणि ते खिडकीतून आत सरकवलं. पलीकडे शिक्का पडला.